बिगर पेशंटची अंबाजोगाई

बालाजीचा फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गात शिकवत होते. बालाजी माझा चुलत भाऊ, त्या आठवड्यात दवाखान्यात दादांजवळ, म्हणजे माझ्या वडिलांजवळ, तोच होता. वर्गात फोन घ्यायचा नाही असा आमच्या शाळेचा नियम आहे, पण तेवढ्या महिन्यापुरती मुख्याध्यापकांनी मला सूट दिली होती. मी व्हरांड्यात आले. "ताई, ये," तो म्हणाला. मी विचारलं, "किती लवकर येऊ?" मागे वॉर्डातला गलका चालू होता. मग तो म्हणाला, "सावकाश ये." आमच्याकडे अशी बातमी फोनवर कुणी सांगत नाही. तब्येत जास्त आहे, निघा, एवढंच म्हणतात. पण 'सावकाश' म्हटल्यावर विचारायचं काही राहत नाही... मी वर्गात परत गेले, फळ्यावर अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं, मुलांना ते उतरवून घ्यायला सांगितलं आणि मग पर्स उचलली. असं का केलं ते मला अजून सांगता येत नाही. बीडहून अंबाजोगाईला जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसले, आणि त्या सगळ्या रस्त्याभर मला वडिलांचं आजारपण आठवलं नाही. आठवत होता तो गेल्या भाद्रपदातला एक रविवार. त्या दिवशी दादा आणि मी अंबाजोगाईला फिरायला गेलो होतो.

याला आता सहा आठवडे झाले. दादांविषयी लिहायचं तर त्या एका दिवसाविषयीच लिहावं लागेल, कारण माझ्या आठवणीत त्यांचा कामाशिवायचा तेवढाच एक दिवस आहे.

आमची वाडी सिरसाळ्यापासून आत, चार-पाच किलोमीटरवर. आमच्याकडे बाजार सिरसाळ्याला, कचेरीचं काम परळीला, आणि अंबाजोगाई फक्त दवाखान्याला. "त्याला आंबाजोगाईला नेलंय" असं कुणी म्हटलं की ऐकणारा हातातलं काम खाली ठेवतो. दादा त्या गावाला चार वेळा गेले होते. एकदा आजीला घेऊन, दोनदा मायला घेऊन आणि एकदा माझ्या धाकट्या काकांना. आजी तिथून परत आली नाही, बाकीचे आले. चारही वेळा त्यांनी पाहिलं ते एवढंच: बसस्टँड, दवाखान्याचं फाटक, औषधाचं दुकान, आणि एक चहाची टपरी, जिथे पेशंटचे नातेवाईक रांगेनं उकिडवे बसलेले असतात. पुढे मी त्याच गावात इतिहास घेऊन बी.ए. केलं. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. तीन वर्षं मी वसतिगृहात राहिले आणि तीन वर्षांत दादा मला भेटायला एकदाही आले नाहीत. त्यांना यायचं नव्हतं असं नाही. कॉलेजचं वर्ष आणि उसाचा हंगाम नेमके एकाच वेळी चालतात. दसरा झाला की माय आणि दादा ऊसतोडीच्या टोळीबरोबर ट्रॅक्टरवर बसून कारखान्याच्या मुलखाला जायचे. कधी सांगलीकडे, कधी थेट कर्नाटकात. ते पाडव्याच्या सुमाराला परत यायचे तोवर माझी परीक्षा आलेली असायची.

सुट्टीत घरी आले की मी त्यांना सांगायची. योगेश्वरीचं देऊळ केवढं आहे, बाराखांबी देवळाच्या खांबांवर काय कोरलंय, हत्तीखान्यात खडक खोदून केलेला मंडप आहे आणि अंगणात दगडाचे हत्ती आहेत. दादा तंबाखू मळत ऐकायचे. एकदा म्हणाले, "आसं बी हाय का तिथं? आमाला तर त्या गावाचा नुसता औषधाचा वास ठावं." मग म्हणाले, "एकदा बिगर पेशंटचं गेलं पायजे, बाई." मला ते बाईच म्हणत. तेव्हापासून आमच्या घरात हे ठरलेलं होतं. बिगर पेशंटचं जायचं. पण दर वर्षी काहीतरी निघायचं. कधी पेरणी लांबायची, कधी कुणाचं लग्न, कधी मुकादम लवकर गाड्या लावायचा. असं करत नऊ वर्षं गेली. मी शिकले, बीडला शाळेत लागले, तिथेच खोली करून राहायला लागले. जाऊ की कधीतरी, असं मीही म्हणू लागले होते.

मग गेल्या आषाढात एका रविवारी दादांचा फोन आला. एरवी फोन मी करायची, त्यांचा कधी यायचा नाही. "बाई, औंदा जायाचंच," ते म्हणाले. "पोळा झाला, गनपती उठले, की दसऱ्याच्या आत. तू कागद कर." कागद म्हणजे बेत. कुठली गाडी, किती वाजता, आधी काय, मग काय. मी हसले, पण त्या रात्री वहीचं पान घेऊन खरंच सगळं लिहून काढलं. त्यानंतर श्रावणभर दर रविवारी आमचं तेवढंच बोलणं. दादांना वाचायला नीट येत नव्हतं, म्हणून मी कागद वाचायचा आणि त्यांनी तो पाठ करायचा. "सातला सिरसाळा, मंग परळी, मंग आंबाजोगाई. उतरल्यावर आधी देवी. हां, म्होरं?" आणि मग प्रश्न. दादांची प्रवासाची पद्धत मला माहीत होती. नव्या कारखान्यावर जायचं ठरलं की ते आधी जाऊन आलेल्या माणसाला गाठून खोदून खोदून विचारायचे: पाणी किती लांब, जळण मिळतं का, थंडी किती. तेच प्रश्न मला. "त्या हत्तीखान्यापाशी पानी हाय का?" आहे, म्हटलं, नाहीतर बाटली विकत मिळते. "सावली?" आहे. "मुक्काम कुठं टाकायचा?"

"मुक्काम न्हाई दादा. संध्याकाळी परत."

"संध्याकाळी परत?" दादा म्हणाले. "मंग गेल्यावानी वाटंल कसं?"

मी त्या वेळी हसण्यावारी नेलं. आता वाटतं, तो प्रश्न खरा होता. वयाच्या विसाव्या वर्षापासून हा माणूस गावाबाहेर पडला तो सहा महिन्यांसाठीच. दार बाहेरून लावायचं, शेळी कुणाच्या तरी दावणीला बांधायची, पिठापासून दोरीपर्यंत सगळा संसार बरोबर घ्यायचा, आणि ऊस संपेपर्यंत परतायचं नाही. सकाळी जाऊन संध्याकाळी येणं त्यांच्या माहितीत फक्त दवाखान्याचं होतं, आणि तेही नशीब चांगलं असलं तर.

आदल्या दिवशी मी वाडीला गेले तर ओट्यावर सामान बांधून तयार. ज्वारीच्या पिठाचा डबा, मिठाची पुरचुंडी, चटणी, दोन वाकळा, पाण्याची मोठी कॅन, बॅटरी, नायलॉनची दोरी. मायनं कपाळाला हात लावला होता. ती येणार नव्हती. त्या गावाचं नावही मला नको, असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "बघ तुझ्या बापाचा बाजार," ती म्हणाली. "तवा तेवढा ऱ्हायलाय." मी एकेक वस्तू परत घरात नेऊन ठेवू लागले. दादा बघत होते. दोरी उचलली तेव्हा म्हणाले, "ती ऱ्हाऊ दे." दोरी कशाला लागणार, हे त्यांनाही सांगता आलं नाही. ती राहिली. भाकरी मात्र मायनं आठ बांधून दिल्या, दोन माणसांना एका दिवसाला.

सकाळी फाट्यावर गाडीची वाट बघत होतो, तोच कौसाकाकू लगबगीनं आल्या. आमच्या शेजारच्या त्या. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "कुणाला जास्त झालं?"

"कुणाला न्हाई, काकू."

"मंग आंबाजोगाईला कावून?"

"फिरायला चाललोत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दादांच्या पांढऱ्याशुभ्र टोपीकडे बघितलं. "सांगायचं नसंल तर नको सांगू," त्या म्हणाल्या, "पर तोंड बारीक करू नको. समदं बरं व्हतंय." आणि माझ्या हातात बिस्किटांचा पुडा ठेवला, पेशंटसाठी. दादा परळी येईपर्यंत हसत होते. टोपी काढून डोळे पुसत होते. "त्या पेशंटला एक दे की बिस्कुट," म्हणून पुडा माझ्याकडून मागून घेतला. बिस्किट त्यांनी पाण्यात भिजवून खाल्लं. मी ते पाहिलं, पण मनात काही आलं नाही.

अंबाजोगाईच्या स्टँडवर उतरलो आणि दादांचे पाय आपोआप दवाखान्याच्या रस्त्याला लागले. मी दंड धरून वळवलं तेव्हा भानावर आले. "दर बारीला ह्याच अंगानं गेलतो," ते म्हणाले. देवीपुढे ते बराच वेळ हात जोडून उभे राहिले, काही मागितल्यासारखे दिसले नाहीत. मग माझं कॉलेज बघायचं होतं. रविवार होता, फाटक बंद. वसतिगृह रस्त्यावरूनच दाखवलं. "कंच्या खिडकीत बसायचीस?" त्यांनी विचारलं. मी वरच्या मजल्यावरची तिसरी खिडकी दाखवली. ते मान वर करून बघत राहिले. खिडकीत कुणा मुलीचा टॉवेल वाळत होता. "तिथून काय दिसतंय मंग, आत बसल्यावर?" मी सांगितलं, रस्ता दिसतो, येणारीजाणारी माणसं दिसतात. त्या तीन वर्षांत त्या खिडकीतून रस्त्याकडे बघत मी किती रविवार काढले, ते सांगितलं नाही. इतर मुलींचे वडील डबे घेऊन यायचे... पण ते बोलायचा तो दिवस नव्हता.

हत्तीखान्यात मात्र दादा बदलले. अंगणात उतरल्यावर आधी त्यांनी चारी बाजूंनी खडक बघून घेतला. झिजलेल्या हत्तीच्या पायावरून तळहात फिरवला. मंडपात जाऊन एका खांबाला पाठ लावून उभे राहिले आणि वर छताकडे बघायला लागले. मी मला येत होतं ते सांगायला सुरुवात केली. कुठल्या राजवटीत, कुठली शैली, शिवाचं लेणं कशावरून म्हणायचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे वरून खाली कापत आले व्हय?" हो, म्हटलं, वरून खाली. "आमी बुडातून कापतो." थोड्या वेळानं, "किती टोळ्या असतील? ... कोप्या कुठं घातल्या असतील त्यांनी?" कोपी म्हणजे उसाच्या फडाजवळ पाचटाची नाहीतर ताडपत्रीची खोप. माझं अर्धं लहानपण तिथे गेलं. "हितं तर सगळा खडक. बाया सैपाक कुठं करत व्हत्या? पोरं कुठं निजत व्हती?" तीन वर्षं मी हा विषय शिकले, या मंडपात सहलीला येऊन टिपणं काढली, पण खोदणाऱ्यांची मुलं कुठे झोपत असतील, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. आणि मी तर स्वतः पाचटावर झोपलेली. मी दादांना म्हटलं, पुस्तकात ते नाही. ते म्हणाले, "नसंल. कोन लिहील?" त्यात तक्रार नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

जेवायला आम्ही बाहेर एका लिंबाखाली बसलो. आठ भाकरी, पिठलं, कांदा. मला भूक लागली होती, मी खात सुटले. दादांनी एक भाकरी घेतली, तिचा बारीक चुरा केला, त्यात पाणी ओतलं, आणि मान डावीकडे कलती करून एकेक घास आत सरकवू लागले. घास गिळताना त्यांचे डोळे मिटत होते. पिठल्याला हात लावला नाही, त्यात तिखट होतं. त्यांनी चूळ भरायला तोंड उघडलं तेव्हा मला गालाच्या आतला पांढरा चट्टा दिसला. कडा लाल होत्या. किती दिवसांपासून, मी विचारलं. "तोंड आलंय जरा. तंबाखूनं." मी म्हटलं, "दवाखाना इथून जवळ आहे. रिक्षानं जाऊ, दाखवू. रविवार असला तरी कुणीतरी बघेल."

दादांनी चूळ टाकली, तोंड पुसलं. "आज न्हाई."

"दादा, तासाभराचं काम हाय."

"तिथं तास नसतो बाई, मला म्हाईत हाय. आत गेलं की दिवस त्यांचा." मग माझ्याकडे न बघता, "तू सबूद दिलाय. बिगर पेशंटचं म्हनलीस. येवढा दिस मला दे. मंग तू म्हनशील तवा येतो."

मी तो दिवस दिला. दुपारी आम्ही बाराखांबी बघितली. दादांनी मायसाठी देवळाबाहेरून बांगड्या घेतल्या, आणि संध्याकाळच्या गाडीत माझ्या खांद्यावर डोकं टेकून ते परळीपर्यंत झोपले. एवढे हलके लागले की मी दोनदा वळून बघितलं.

पुढचं लिहायला अवघड आहे, पण तेवढंच खरं लिहायचं आहे. मी दर रविवारी फोनवर विचारत राहिले, आणि ते "जरा बरं हाय" म्हणत राहिले. दसरा आला. मुकादमाला शब्द दिलेला होता, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकानं मागं राहून चालत नाही. ते गेले. मीही रजा टाकून त्यांना ओढत नेलं नाही. आल्यावर दाखवू, असं दोघांनी ठरवलं, आणि मी स्वतःला सांगितलं की तोंडच तर आलंय. होळीच्या आधीच मायनं त्यांना परत आणलं. टोपी भुवयांवर उतरत होती, एवढं डोकं बारीक झालेलं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरांनी तपासलं आणि ते शांतपणे म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं." ते बहुतेक सगळ्यांनाच तसं म्हणत असावेत, म्हणावं लागत असावं. पण मला आधी म्हणजे कधी ते नेमकं माहीत होतं. वार, वेळ, झाडाची सावली, सगळं.

वॉर्डात दादा जवळजवळ महिनाभर होते. शनिवार-रविवार मी असायची. बोलणं त्यांना जड जात होतं, तरी एक काम त्यांनी सोडलं नाही. शेजारच्या खाटांवर पेशंट यायचे, जायचे. त्यांच्याबरोबर आलेली माणसं आठ-आठ दिवस भिंतीला टेकून बसलेली. दादा त्यांना हातानं जवळ बोलवायचे आणि अडखळत सांगायचे: पेशंट दुपारचा निजला की जाऊन या. बाहेर रिक्षा मिळते. आधी देवी, मंग हत्तीखाना. पाणी हाय, सावली हाय. श्रावणात पाठ केलेला कागद त्यांना शब्दन् शब्द येत होता. काही जण हसायचे, काही चिडायचे, "बाबा, इथं काय फिरायला आलोत का आमी?" दादा म्हणायचे, "आलाच हाव, तर बघून जा. नुसता वास घिऊन जाऊ नका." एक बाई खरंच जाऊन आली. परत आल्यावर दादांच्या पायथ्याशी बसून काय काय पाहिलं ते सांगत राहिली. तो दिवस दादांचा चांगला गेला.

सध्या शाळेला सुट्टी आहे, मी वाडीत मायजवळ आहे. घरात आम्ही दोघी, आणि दोघींना बोलायची फार सवय नाही. परवा मी तिला ते सांगितलं. भाद्रपदातच मी चट्टा पाहिला होता, दवाखाना जवळ होता, आणि मी नेलं नाही. सांगताना मी तिच्याकडे बघितलं नाही. माय शेंगा फोडत होती, तिचे हात थांबले नाहीत. "आखाडापासून भाकर कुस्करून खात व्हते," ती म्हणाली. "मला म्हाईत व्हतं."

"मंग बोलली कावून न्हाईस?"

"म्हनले, पोरीसंगं एक बार जाऊन येतो. एकदा दवाखान्यात घातलं की मंग ते गाव मला तसं दिसायचं न्हाई. तवर कुनाला बोलू नको." टोपल्यातल्या शेंगा तिनं उगाच चाळवल्या. "मी न्हाई बोलले."

म्हणजे आषाढातल्या त्या रविवारी त्यांनी आपणहून फोन केला तो यासाठी. मायचं ऐकून माझं ओझं उतरलं नाही, आणि मला वाटतं तिचंही उतरलं नाही. फक्त, घरात ते आता एकटीचं राहिलं नाही. रात्री आम्ही दोघी एका ताटात जेवलो, बऱ्याच वर्षांनी.

दादांचा फोन मी बंद केलेला नाही. बटणांचा, मागचं झाकण रबरबँडनं बांधलेला. भिंतीतल्या देवळीत ठेवते, दोन-तीन दिवसांनी चार्जिंगला लावते. का, ते मायनं विचारलं नाही. काल दुपारी तो वाजला. नंबर नाव नसलेला.

"बाबा हायेत का?" एका पुरुषाचा आवाज. मागं गाड्यांचा आवाज येत होता.

"कोण बोलतंय?"

"आमी लिंबागणेशचे. आमचा म्हातारा त्यांच्या शेजारच्या खाटंवर व्हता, नऊ दिस. आमी सुटलो आन् ते तिथंच व्हते. त्यांनी नंबर दिलता. आज म्हाताऱ्याला तपासनीला आनलं व्हतं, तर म्हातारा ऐकंना. त्या बाबानं सांगितलंय म्हनला, बघूनच जायाचं." मागून कुणीतरी काहीतरी ओरडून सांगत होतं, त्याला तो "सांगतो, सांगतो" म्हणाला. "समदं बघितलं म्हनून सांगा त्यांना. द्या की फोन, म्हातारा बोलतो म्हनतोय."

मी मायकडे बघितलं. ती दाराशी बसून तांदूळ निवडत होती आणि तिला सगळं ऐकू जात होतं.

"घरी न्हाईत," मी म्हटलं. "फिरायला गेलेत."

"आसं का? चांगलंय की," तो माणूस म्हणाला. "फिरू द्या. आले की सांगा."

सांगते, म्हटलं. मायनं सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला, आणि मला म्हणाली, फोन चार्जिंगला लाव.